गेटवरची खुर्ची

"चार पोती? चार पोती ब्लिचिंग पावडर हवेच्या टाकीत वतली?"

वीरेशची कॉलर धरायची लई इच्छा झाली. पण तो कंत्राटदाराचा सुपरवायझर, मी त्याच्या हाताखालचा ऑपरेटर. वयानं मात्र माझ्या पोरासारखा.

"मग काय करावं, शिवमूर्तीमामा? साहेब पाहणीला येऊन राहिले अन् टाकी घाण वास मारून राहिली. आता बघा की, कसं लख्ख दिसून राहिलंय पाणी!"

दिसणारच. मढ्यालाही आंघोळ घातली की ते स्वच्छ दिसतं.

लातूरच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर मी अकरा वर्षं काढली आहेत. शहराच्या मोऱ्या-संडासातून येतो तो अमोनिया. तो तसाच ओढ्यात गेला तर मासे मरतात. टाकीत डोळ्याला न दिसणारे जिवाणू असतात. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. आपल्यावर उपकार म्हणून नाही करत. त्यातूनच त्यांना जगायची शक्ती मिळते. पण ती इतकी तुटपुंजी, की एकाचे दोन व्हायला त्यांना दिवस दिवस लागतात. शिवाय त्यांना हवा अखंड पाहिजे, म्हणून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करायचा नाही. ब्लिचिंगनं ते मरतात. हे सगळं मी वीरेशला सांगितलं.

"किडे मेले तर मेले," तो म्हणाला. "गटारात किड्याला काय तोटा हाय का?"

हे गाढव माझं वरिष्ठ! साहेब आले, लख्ख पाणी बघून खूश झाले, चहा पिऊन गेले.

औषधाचे थेंब टाकल्यावर एरवी फिकट पिवळी होणारी माझी अमोनिया तपासायची नळी तिसऱ्या दिवशी पार तपकिरी झाली. इतका अमोनिया मी कधी पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात ओढ्यात मासे उलटे तरंगले आणि खालच्या गावचे लोक गेटवर येऊन आयमाय काढून गेले. मी औशाकडच्या एका जुन्या प्रकल्पातून दोन ड्रम जिवंत, जिवाणूंनी भरलेला गाळ मागून आणला आणि दुधात विरजण घालावं तसा टाकीत घातला.

दुसऱ्या दिवशी वीरेश कागद घेऊन आला. पावडर ऑपरेटरनं कुणाला न विचारता टाकली, असं त्यात लिहिलं होतं.

"सही करा. न्हाई तर आजपासून माझा मावसभाऊ तुमच्या जागी."

तो मावसभाऊ मला ठाऊक होता. ब्लोअरच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणून बटण बंद करणारा. गाळाला अजून तीन-चार आठवडे सांभाळायला हवं होतं. मी सही केली.

"लाज न्हाई वाटली तुमाला?" घरी बायको, सिंधु, म्हणाली. "न केलेलं पाप अंगावर घेतलं!"

"वाटली," मी म्हणालो. "लई वाटली."

गाळ घातल्यापासून एकोणिसाव्या दिवशी नायट्राइट तपासायची दुसरी नळी गुलाबी झाली. म्हणजे नायट्राइट होत होतं. पहिल्या प्रकारचे जिवाणू परत आले होते. इतका आनंद मला पोराच्या नोकरीचाही झाला नव्हता. नेमके त्याच दिवशी साहेब मेलेल्या माशांच्या चौकशीला आले. वीरेशनं कागद पुढं केला.

"हाच का तो?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. "अकरा वर्षांत एवढंही कळलं नाही?"

"चुकलं, साहेब," मी म्हणालो. "जिवाणूंचा दुसरा प्रकार वाढायला अजून आठवडा लागंल. तवर ब्लोअर तेवढा बंद हू देऊ नका."

साहेब वीरेशकडे वळले. "टाकीत विष ओतणारा माणूस टाकीजवळच ठेवलाय तुम्ही? कमाल आहे! गेटवर बसवा याला."

वीरेशनं खाली मान घालून "हाव साहेब" म्हटलं आणि मावसभावाला फोन लावला.

गेटवर एक प्लास्टिकची खुर्ची आहे. तिथून टाकी दिसत नाही, ब्लोअरचा आवाज तेवढा येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, मावसभावाच्या जेवायच्या सुट्टीत, तो आवाज थांबला.