आ म्हणजे हो

दातांच्या डॉक्टरांना सिनेमा, मालिका आणि पुस्तकं यांबद्दल मतं होती, आणि त्यातलं एकही चारचौघांत काढायच्या लायकीचं नव्हतं. म्हणजे त्यात शिवीगाळ वगैरे काही नसायची. फक्त ज्यावर सगळं गाव फिदा असेल ते डॉक्टरांना आवडायचं नाही, आणि का आवडलं नाही ते त्यांना मुद्देसूद सांगता यायचं. पहिला गुन्हा लोक माफ करतात, दुसरा करत नाहीत.

एकदा मेव्हण्याच्या घरी संध्याकाळची मालिका चालू असताना ते एवढंच म्हणाले होते, की या मालिकेत कुणी कुणाला 'काय म्हणालात?' असं कधी विचारत नाही. सगळ्यांना सगळं पहिल्या खेपेला ऐकू येतं, दाराआड लपलेल्यालासुद्धा. मेव्हण्याच्या बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला, आणि पुढं वर्षभर ती डॉक्टरांशी नणंदेमार्फत बोलत राहिली. नणंद म्हणजे डॉक्टरांची बायको. ती घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हाला मतं द्यायचीच असतील ना, तर तुमच्या खुर्चीतल्या लोकांना द्या. ते बिचारे उठून जाऊ शकत नाहीत."

ती हे चिडून म्हणाली होती. डॉक्टरांनी तो सल्ला समजून लगेच अमलात आणला.

तेव्हापासून पेशंट एकदा खुर्चीत आडवा झाला, तोंडात आरसा आणि सक्शनची नळी गेली, की डॉक्टर सुरू व्हायचे. लढाईच्या सिनेमात सगळ्या सैन्याला पुढचे दात असतात, हे त्यांना मुळीच पटायचं नाही. त्या काळी चाळिशीच्या सेनापतीला चावता येत असेल तर तेवढ्या एका गोष्टीवर पोवाडा व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. जाड पुस्तकाला कुणी वाईट म्हणत नाही, कारण मग आपले तेवढे दिवस कुठं गेले हे घरी सांगावं लागतं, हे आणखी एक. पेशंट म्हणायचा, "आ." डॉक्टरांच्या हिशेबी आ म्हणजे हो. इतकी वर्षं धंदा केला, पण त्यांना विरोध करणारा पेशंट भेटला नव्हता.

त्यांच्या हाताखाली एक सिस्टर होत्या, डॉक्टरांच्याच वयाच्या. त्या सगळ्या मालिका भक्तिभावानं बघायच्या आणि सगळी मतं मास्कच्या आत नाक मुरडून ऐकायच्या. पण त्यांना एक गोष्ट माहीत होती, जी डॉक्टरांना स्वतःला धड माहीत नव्हती. बोलत असले की डॉक्टरांचा हात लोण्यासारखा चालायचा. गप्प बसले की तोच हात विचार करायला लागायचा, आणि विचार करणारा हात दाढेत काही कामाचा नाही. एकदा घसा बसला तेव्हा सिस्टरांनी परस्पर दवाखान्याला सुट्टी दिली होती.

आता ती कादंबरी. एका लेखिकाबाईंनी लिहिलेली ती एकुलती एक, पण अशी की घरोघरी तिची प्रत असायची. शेवटच्या प्रकरणात नायिका मरते, आणि मरण्याआधी नवऱ्याशी दोन पानं बोलते. त्या दोन पानांवर लोक ढसाढसा रडले होते. डॉक्टरांच्या घरीही प्रत होती, बायकोची. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, प्रत कपाटात होती, आणि त्या दोन पानांचं नाव काढलं की डॉक्टरांच्या कपाळाला अजून आठी पडायची. या एका मतावर त्यांनी जितक्या दाढा भरल्या, तितक्या दुसऱ्या कुठल्याच मतावर भरल्या नसतील.

आणि त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं ते नेमकं त्या लेखिकाबाईंच्या मुलाशी. जगात मुलं काय कमी होती?

"बाबा," लेक म्हणाली, "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"स्कूटर मागितलीस. दातांना तार लावून मागितलीस."

"बाबा. त्यांच्या आईंसमोर पुस्तकाचा विषय काढायचा नाही. त्यांचा जीव आहे त्या पुस्तकात. मला त्या घरात राहायचंय. पहिल्याच दिवशी तुमच्यामुळे मी त्यांच्या मनातून उतरले, तर पुढं कुणाला सांगू मी?"

आई नसलेली पोर. डॉक्टरांना ते लागलं. त्यांनी शब्द दिला. पहिल्या भेटीत त्यांनी तोंडात सतत घास ठेवला, इतका की घरी जाताना लेखिकाबाई मुलाला म्हणाल्या, "माणूस साधा आहे. पण खातो फार."

एवढ्यावर निभावलं असतं. पण लग्न तोंडावर आलं आणि विहीणबाईंची खालची दाढ ठणकायला लागली. त्यांचे नेहमीचे डॉक्टर नेमके बाहेरगावी. गाल सुजला, रात्रभर झोप नाही, आणि सकाळी मुलगा त्यांना घेऊन आला तो थेट होणाऱ्या सासऱ्याच्या दवाखान्यात. लेक धावत पळत मागून आली.

"तोंड बंद ठेवा," ती बाबांच्या कानाशी कुजबुजली.

"उघडणार त्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

तिला हसू आलं नाही. ती बाहेरच्या बाकावर नवऱ्यामुलाशेजारी जाऊन बसली. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, आणि ती छतापर्यंत पोचत नव्हती.

विहीणबाई खुर्चीत आडव्या झाल्या. सुई दिली, अर्धा जबडा बधिर झाला. रूट कॅनल करायचं ठरलं. डॉक्टरांनी दाढ उघडायला घेतली, तोंडातून अवाक्षर न काढता.

ड्रिल पहिल्यांदा टेकलं ते जिथं टेकायला हवं होतं तिथं नाही. विहीणबाई दचकल्या. डॉक्टर म्हणाले, "सॉरी." पुन्हा टेकवलं. पुन्हा दचकल्या. डॉक्टरांनी हवेचा विषय काढला, पण तो दोन वाक्यांत संपला. मग त्यांनी धीर करून म्हटलं, "तुमचं पुस्तक फार गाजलं." हे खरं होतं. "मुखपृष्ठ छान आहे." हेही एक वेळ चाललं असतं. "आणि शेवट तर..." इथं हात असा घसरला की सिस्टरांनी सक्शनची नळी मधे घातली म्हणून जीभ वाचली.

सिस्टर खाली वाकून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, नेहमीसारखं बोला. नाहीतर बाईंच्या जबड्याचं काही खरं नाही."

डॉक्टरांनी प्लायवूडकडे बघितलं. मग विहीणबाईंकडे. त्या घाबरल्या होत्या, आणि दिलेला शब्द पाळायचा म्हणून कुणाची दाढ फोडणं हे काही त्यांना बरं दिसेना. सिनेमावर बोलू, त्यांनी ठरवलं. सिनेमा सोडून कुठंही जायचं नाही.

त्यांनी सेनापतीच्या दातांपासून सुरुवात केली. हात लगेच ताळ्यावर आला. विहीणबाईंचे खांदे सैल पडले. "आ," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात चक्क हसू होतं. डॉक्टरांना हुरूप आला. सेनापती जखमी होतो, पण मरण्याआधी त्याला दम लागत नाही, तो भाषण करतो, हे त्यांनी सांगितलं. मालिकेत माणूस मरतो आणि टीआरपी पडला की परत येतो, हेही सांगितलं. तोवर दाढ उघडली होती आणि बारीक सुई एका वाकड्या मुळात उतरली होती. मधे थांबलं तर सुई आत मोडायची. मरणाचा विषय निघाला होता, आणि डॉक्टरांच्या मतांना आपली रोजची वाट पाठ होती.

"पण सगळ्यात वाईट मरतात ती पुस्तकात," ते म्हणाले. सिस्टरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही. "तुमची ती दोन पानं, विहीणबाई. मरताना कुणी असं बोलत नाही."

प्लायवूडच्या पलीकडे बाक करकरला.

"आमच्या हिला तुमचं पुस्तक फार आवडायचं. हॉस्पिटलमध्ये मीच वाचून दाखवायचो. शेवटचं प्रकरण ऐकून ती रडली, मलाही भरून आलं. त्यानंतर मी वाट बघायला लागलो. म्हटलं, आता ही बोलेल. इतकी वर्षं संसार झाला, काहीतरी असेलच साठवलेलं. स्टूल घेऊन रोज उशाशी बसायचो, पाणी प्यायलासुद्धा उठायचो नाही, नेमकं तेव्हाच बोलली तर? एके दुपारी तिनं डोळे उघडले. मला जवळ बोलावलं. मी कान नेला. म्हणाली, 'मशीनमधले कपडे वाळत घातलेत का?'"

सुई मुळातून अलगद बाहेर आली. डॉक्टरांनी दुसरी घेतली.

"घातले, म्हणालो मी. घातले नव्हते. विसरलोच होतो. तिनं डोळे मिटले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. मला तिचा राग आला, विहीणबाई. गेलेल्या बायकोचा राग. मला वाटलं, हिला माझ्यासाठी दोन पानंसुद्धा सुचू नयेत? तुमचं पुस्तक वाचलं नसतं, तर कपड्यांवर भागलं असतं माझं."

विहीणबाई आ म्हणाल्या नाहीत. त्या छताकडे बघत राहिल्या. डॉक्टरांचा हात जरासुद्धा चुकला नाही. त्यांनी दोन्ही मुळं साफ केली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट दाबलं आणि म्हणाले, "चूळ भरा."

हे दोन शब्द बोलले आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मास्क काढला आणि लगेच पस्तावले, कारण आता तोंड लपवायला काही उरलं नव्हतं.

"मी बोलायला नको होतं. मुलीनं बजावलं होतं मला. जे काय बोलायचं ते मला बोला, पण तिच्यावर राग काढू नका. तिचा यात काही दोष नाही."

विहीणबाईंनी चूळ भरली. निम्मी हनुवटीवरून ओघळली, सिस्टरांनी नॅपकिन पुढं केला. त्यांचा अर्धा ओठ अजून गावाला गेलेला होता, त्यामुळं शब्द जाड येत होते, पण त्यांनी घाई केली नाही.

"आमचे हे काहीच बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा दिवा बाजूला सारला.

"शुद्धीवर होते. बोलता येत होतं. नर्सला म्हणायचे, पंखा कमी करा. शेजारच्या खाटेवरच्याला क्रिकेटचा स्कोअर विचारायचे. मी जाऊन बसले की डोळे मिटून घ्यायचे. आमचं काही भांडण नव्हतं हो. मीपण वाट बघितली. तुम्हाला निदान कपडे तरी मिळाले."

सिस्टर ट्रे आवरत होत्या, त्या थांबल्या.

"मग घरी येऊन ती दोन पानं लिहिली. नवऱ्याच्या तोंडी घालवेनात, तसं कधी बोललाच नव्हता तो माणूस. म्हणून बाईच्या तोंडी घातली. लोकांना आवडली. तुम्ही म्हणता तसंच असेल, कुणी असं बोलत नसेल. पण मी ती काढायची नाही."

"काढू नका," डॉक्टर म्हणाले. आणि मग, त्यांना खोटं बोलवेना म्हणून, "मला मात्र ती पटत नाहीत."

"नका पटवून घेऊ." त्यांनी गाल चाचपून बघितला. "त्या कपड्यांचं काय झालं पुढं?"

हे डॉक्टरांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण, सांगितलंच कुणाला नव्हतं.

"चार दिवसांनी मशीन उघडलं. वास मारत होते. पुन्हा धुतले. तिचा गाऊन होता त्यात, तोही धुतला, वाळत घातला. सगळ्यांच्या घड्या केल्या आणि तिचे तिच्या कप्प्यात ठेवले."

दारात लेक उभी होती. कधी आली ते कुणाला कळलं नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"बाबा, मला तुम्ही म्हणाला होतात की आई झोपेतच गेली."

"हो," डॉक्टर म्हणाले. "तू विचारलंस ना, ती शेवटी काय बोलली म्हणून. तुझ्याबद्दल काही बोलली नाही, हे कसं सांगू तुला? माझ्याबद्दलही नाही बोलली."

"त्यात माझा युनिफॉर्म होता," लेक म्हणाली. "नोकरीचा, पहिल्या दिवसाचा. मी तिला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, मशीनला लावलाय, सोमवारी लागेल म्हणून."

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण त्यांना कसलंच मत सुचेना. ते खुर्चीजवळच्या आपल्या स्टुलावर बसले आणि रडले, पेशंटसमोर, हातमोजे तसेच ठेवून. लेकीनं येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. विहीणबाईंनी आपल्या हातातला ओला नॅपकिन पुढं केला, दुसरा नव्हता म्हणून.

मग विहीणबाईंनी जड ओठानं विचारलं, "हे मी लिहिलं तर चालेल?"

डॉक्टरांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं मान डोलावली.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. "पण तिला जास्त बोलायला लावू नका."