यादीतलं अनोळखी नाव

भाषांतरकार बाईंचा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला, की तोवर त्यांचा चहा पिऊन होई. शेवटी वैतागून त्यांनी तो चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. शब्दकोश, प्रिंटर, गाणी... नको ते त्या बंद करत गेल्या. तळाशी एक अनोळखी नाव होतं. शोधून पाहिलं, तर त्याच्यामुळे दूर बसलेल्या माणसाला इथला पडदा जसाच्या तसा दिसत होता.

बाईंचा संशय थेट दुरुस्तीवाल्यावर; मध्यंतरी लॅपटॉप त्याच्याकडेच दुरुस्तीला होता. लॅपटॉप काखोटीला मारून त्या त्याच्या दुकानात धडकल्या.

"हे तुमचंच काम ना?"

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे टाकल्याची तारीख बघा, बाई. तीन वर्षं झाली. माझ्या दुकानाला अजून वर्षही नाही."

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा महिनाभर सोबतीला एकटी थोरली बहीण होती. ताई.

परतताना एकेक गोष्ट टोचू लागली. डॉक्टरांची वेळ घेतल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते ताईला कसं कळलं? घर विकायचं मनात घोळत होतं, लॅपटॉपवर नुसत्या किमती पाहिल्या होत्या, तेव्हाच ती "घाई करू नकोस" का म्हणाली?

घरी येऊन त्यांनी तो प्रोग्रॅम बंद केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि कामाला बसल्या. दीड पान होतंय तोच फोन वाजला.

"काय गं, आज काम नाही का?" ताईच.

"करतेच आहे. नाही असं तुला का वाटलं?"

"अगं... सहजच," ताई म्हणाली.

"ताई, तेव्हापासून बघतेयस?"

"तू तेव्हा दिवस दिवस अंथरुणातून उठायची नाहीस. पडद्यावर अक्षरं उमटली की जिवात जीव यायचा. उठली बाई एकदाची!"

"आणि माझी पत्रं?"

"सुरुवातीला नाही वाचली गं."

बाईंना रडू आलं नाही, रागच आला. "यापुढे फोन करून विचार. सांगायचं ते सांगेन."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर तुला ते कळणार नाही."

फोन ठेवून त्यांनी प्रोग्रॅम मुळासकट काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. तब्येत, हवापाणी, सगळं बोलून झालं. पण दर वाक्याआधी ताई जरा अडखळत होती, आणि बाई 'हे तुला कोणी सांगितलं?' हा प्रश्न ओठांवर धरूनच ऐकत होत्या.