कॅन्ससचा जपानी आवाज

वॉल्टर होशिझाकी जपानी आईबापांच्या पोटी, पण जन्मला अमेरिकेत, फ्रेझ्नोच्या द्राक्षमळ्यात, वाढला तिथेच. तरी छप्पन्नाव्या वर्षी त्याला 'जपानी माणसासारखं' बोलायला शिकवण्यासाठी स्टुडिओने एक शिक्षक नेमला. हा शिक्षक, गॉर्डन, कॅन्ससचा गोरा, लाल भुवयांचा, स्वभावाने अगदी गरीब गाय.

"शब्द अर्धे गिळायचे, वॉल्टर, आणि वाक्य संपलं की कमरेत वाकायचं."

"वाकलो की उठवणार कोण? पाठ धरलीय माझी."

सिनेमा विनोदी होता, बुडायला आलेल्या एका टीव्ही केंद्राचा. वॉल्टर त्यात मासे चिरत कार्यक्रम करणारा स्वयंपाकी. माळी, धोबी, शत्रूचा शिपाई अशा चाळीसेक भूमिका त्याच्या नावावर होत्या, आणि झाडून सगळ्या मोडक्या बोलीत. या खेपेला मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं, की एकदा तरी पडद्यावर आपल्या आवाजात बोलायचं.

कॅमेरा सुरू झाला. वॉल्टर फ्रेझ्नोच्या संथ सुरात म्हणाला, "मासा ताजा आहे, मंडळी. वास येतोय तो आमच्या मालकांचा!"

दिवेवालेसुद्धा पोट धरून हसले. दिग्दर्शक लेनीने डोळे पुसले.

"झकास! आता एकदा तुझ्या बोलीत दे."

"तीच दिली की."

लेनीने घड्याळ पाहिलं आणि पुढचा प्रसंग लावला. वॉल्टर त्या दिवशी गाडीत गात घरी गेला.

तीन महिन्यांनी स्टुडिओतून फोन आला. चित्र तेच राहणार होतं, आवाज तेवढा नव्याने भरायचा होता, गॉर्डनने शिकवला तसा. "तू नाही आलास तर दुसऱ्याचा लावू," पलीकडचा माणूस म्हणाला.

"लावा," म्हणून वॉल्टरने फोन ठेवला.

सिनेमा लागला तसा बायकोला, फुमीला, घेऊन तो गेला. पडद्यावर ओठ वॉल्टरचे हलत होते, आणि तोंडातून बाहेर पडत होता मोडक्या बोलीतला गॉर्डन. प्रेक्षक खदखदून हसले. वॉल्टरला भयंकर लाज वाटली, आणि रागही आला.

बाहेर पॉपकॉर्नवाल्याने त्याला ओळखलं. "अहो, तुम्हीच ना ते मासेवाले? म्हणा ना एकदा ते वाक्य!"

माणसं जमली. वॉल्टरने खांदे ताठ केले आणि वाक्य म्हटलं, स्वतःच्या आवाजात, जीव ओतून.

कोणी हसलं नाही. पॉपकॉर्नवाल्याला बिचाऱ्याला दया आली. "असू दे, आजोबा. चेहरा मिळतो थोडा. पण आवाज काही जमला नाही तुम्हाला."

वॉल्टर मान खाली घालून निघाला. फुमी मात्र हलली नाही. हातातली पर्स तिने काउंटरवर आपटली.

"एकतीस वर्षं मी याच आवाजाशी भांडतेय," ती म्हणाली, "आवाज कोणाचा ते मला विचार!"