लाल दर्या, पहिली छपाई

माझ्या बापाला घरातली कुठलीही वस्तू उघडी राहिलेली खपत नाही. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, फ्रिजच्या हँडलला कापडी टोपी, माझ्या मार्कशीटला लॅमिनेशन, आईच्या शेवटच्या फोटोला तर दोनदा. लालबागच्या आमच्या चाळीत कमीजास्त सगळ्यांकडे हेच, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मी कॉमिक्स जमवते. पंचेचाळीस वर्षांची बाई, परळला एका विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि पगारातून उरेल ते जुन्या कॉमिक्सवर उडवते. चाळीतल्या बायका ‘दर्शनाची ती पुस्तकं’ म्हणतात आणि विषय बदलतात. लोकांना वाटतं, गोष्ट एकदा वाचली की झालं. कसलं झालं. एकच अंक चार वेळा छापला जातो आणि चारही वेळा वेगळा निघतो. कधी कागद बदलतो, कधी किंमत, कधी छापखान्यात कोणीतरी शाईचा घोळ घालतो. तो घोळ असलेली प्रत मिळाली की आम्हा येड्यांना रात्रभर झोप येत नाही.

माझं येड ‘खलाशी खंडू’चं. त्याच्या सातव्या अंकाच्या कव्हरवर खंडू होडीतून देवमाशावर भाला फेकतोय. पहिल्या छपाईत निळ्याच्या जागी लाल शाई गेली आणि अख्खा समुद्र लाल झाला. प्रकाशकाने गठ्ठे परत मागवले, समुद्र निळा करून पुन्हा विकायला काढले. जे थोडे लाल अंक आधीच बाजारात सुटले होते, त्यातला एक लहानपणी माझ्याकडे होता. मला कुठे माहीत त्याचं मोल. मला वाटायचं, देवमाशाचं रक्त पसरलंय.

दहावीच्या वर्षी मी गणितात गचकले आणि बाबांनी माझी सगळी कॉमिक्स रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्यांची गिरणी बंद, घरात ओढाताण, त्यात पोरीचे हे दिवे. माणूस कुठेतरी राग काढणारच, हे मला आता कळतं. पण मी त्यांना सोडलं नाही. पुढची तीस वर्षं जमेल तेव्हा टोमणा मारला. आमटी खारट झाली म्हणाले, तर ‘घाला रद्दीत’. ते मान खाली घालून जेवायचे. आई होती तोवर म्हणायची, ‘पुरे गो आता, किती उगाळशील.’

गेल्या दिवाळीनंतर बाबांनी रोज सकाळी चालायला जायचं खूळ घेतलं. मला बरं वाटलं, म्हटलं गुडघे मोकळे होतील. मग एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे पोह्यांच्या बशीशेजारी एक पिशवी ठेवली.

“बघ गो, काय गावला.”

चालणं वगैरे काही नव्हतं. हा माणूस चिंचपोकळीपासून दादरपर्यंत एकेक रद्दीचं दुकान गाठून विचारत होता, ‘दर्या लाल असलेला पुस्तक आसा काय?’ लोक हसायचे. शेवटी नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांच्या गिरणीतला एक जोडीदार नव्या इमारतीत जायचं म्हणून माळा रिकामा करत होता. त्याच्या मुलांच्या जुन्या ट्रंकेत, शाळेच्या पुस्तकांखाली, तो अंक सापडला.

मी पिशवीत हात घातला. वर दिसला तो लालभडक समुद्र. मी आनंदाने तो बाहेर ओढला, आणि मग हाताला काय लागतंय ते कळलं.

बाबांनी तो लॅमिनेट करून आणला होता. पानन् पान. पिना काढलेल्या, जोडपानं मधोमध कापून सुटी केलेली, कडा सारख्या दिसाव्यात म्हणून कातरलेल्या, आणि वर निळ्या तारेचं स्पायरल बाइंडिंग, कॉलेजच्या प्रोजेक्टला करतात तसं. खंडूच्या होडीच्या टोकातून एक भोक आरपार गेलं होतं.

“आता ह्येका कायएक होवचा नाय,” बाबा म्हणाले. “पाण्यात टाकलंस तरी. झेरॉक्सवालो म्हणत होतो, काका, कागद जुना आहे. मी म्हटलंय, नीट कर, माझ्या चेडवाचा आसा.”

एकदा गरम प्लास्टिक बसलं की कागद गेला, तो कोणी परत काढू शकत नाही. ओरडावंसं वाटत होतं. पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. रद्दीच्या विषयात हा माणूस तीस वर्षं मान खाली घालून बसायचा, आणि आज सरळ माझ्याकडे बघत होता.

“मस्त झालंय बाबा,” मी म्हटलं. “एकदम भारी.”

ते इतके खूश झाले की मला थंड पोहेसुद्धा संपवावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या मजल्याला दर्शन सुरू. कोणी नळावर भेटो की जिन्यात, बाबा काखेतून स्पायरल काढणार. ‘असा दुसरा खय गावूचा नाय,’ सांगणार. मीपण वर मसाला घालायचे, बाबांनीच शोधलं हो, आम्हा शहाण्यांना नाही जमलं. खोटं बोलायची एकदा लाज गेली की मग सोपं असतं.

हितेंद्र बघायला आला. खोताच्या वाडीतला माझा मित्र, कॉमिक्समधला जानी दुश्मनपण तोच. त्याला जिन्यातच दम दिला, तोंडातून एक शब्द काढलास तर बघ. बिचाऱ्याने पानं उलटली, घाम पुसला आणि म्हणाला, “कमाल केलीत काका.” बाबांनी त्याला दोनदा चहा पाजला.

खाली उतरल्यावर मात्र तो कोपऱ्यावर थांबला. “दर्शना, ही अख्खी प्रत होती यार. रंग बघ कसा राहिलाय. मी दोनच बघितल्यात आजवर, दोन्ही फाटक्या.”

“माहितेय.”

“मग सांग ना त्यांना. प्रेमाने सांग, पण सांग.”

“म्हातारा खूश आहे रे. राहू दे.”

“मग कपाटाला कुलूप तरी लाव, बाकीचे अंक वाचतील.”

“बापासमोर कपाटाला कुलूप लावू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

तो खांदे उडवून गेला. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि वर आले.

पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसातून आले तर बाबांनी स्वतः चहा करून ठेवलेला. शर्टला इस्त्री. मला म्हणाले, बस. माझ्या कपाटाचं दार उघडं होतं. टेबलावर स्पायरलची चळत, सगळी निळ्या तारेची. शेजारी मी मुद्दाम मागवलेल्या माझ्या पारदर्शक पिशव्या नीट घडी घालून ठेवलेल्या.

“त्यो पातळ पिशव्यो कसल्यो गो, हात लावला की फाटतत,” ते म्हणाले. “सकाळपासून बसान सगळी करून हाडलंय.”

दुसऱ्या अंकाच्या तिन्ही छपाया. चुकीची किंमत पडलेला पाचवा. कागद मिळेना म्हणून पिवळ्या कागदावर काढलेला अकरावा. वीस वर्षं मी एकेक करून जमवलेलं सगळं चकाकत होतं.

मग माझा तोल गेला. “मारून टाकलीत तुम्ही,” मी म्हटलं. “सगळी मारून टाकलीत. आधी रद्दीत घातलीत, आता प्लास्टिकात पुरलीत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?” आणखी बरंच बोलले. शेजारचा टीव्ही बंद झाला तरी बोलत होते. कागद कसा जळतो, पिना का काढायच्या नसतात, कडा का कापायच्या नसतात, जे काय ठाऊक होतं ते सगळं त्यांच्या अंगावर फेकलं.

माझा दम संपल्यावर बाबांनी विचारलं, “आणि तो लाल दर्यावालो?”

“तो पण. पहिल्या दिवशीच.”

“तू भारी म्हटलंस.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

“हितेंद्राक म्हायत होता?”

“हो.”

ते खुर्चीत बसले. इस्त्री केलेल्या शर्टाची बाही वर दुमडली. “मी सगळ्यांका दाखवत फिरलंय गो,” ते म्हणाले. मग, रागाने नाही, अगदी साधं म्हणाले, “माका सांगूक होया होता. मी ही दुसरी नेलंय नसतंय.”

खरंच नेली नसती. ती माझी खंत आहे आणि ती जाणार नाही. कॉमिक्सचं म्हणाल तर हितेंद्रने एक-दोन अंक देऊ केलेत, बाकीचे कधीतरी मिळतील किंवा नाही मिळणार. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. बाबांनी चूक केली ती माझ्यासाठी काहीतरी चांगलं करायला जाऊन. मी त्यांना भल्यासारखी खोटी शाबासकी दिली आणि अख्ख्या चाळीत त्यांचं हसं होऊ दिलं. नंतर माफी मागितली. “जाव दे,” म्हणाले. पुन्हा तो विषय काढला नाही.

फक्त तेव्हापासून ते घरात कशाला हात लावत नाहीत. माझा चष्मा पडला तर उचलत नाहीत, मला हाक मारतात. चहाचा डबा शेल्फवर असतो, तोसुद्धा विचारून काढतात.

काल सकाळी मी डबा भरत होते. उंबऱ्यात पेपर येऊन पडला होता. आमच्याकडे पेपर आधी बाबा उघडणार, मग बाकीचे, मला कळायला लागल्यापासून हेच चालत आलंय. बाबा पेपरापाशी जाऊन उभे राहिले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

“दर्शना,” ते म्हणाले, “ह्यो पेपर घेव काय गो?”

मी हो म्हणेपर्यंत ते वाकले नाहीत.