डबीतलं लाल पाणी

बांबू ओढ्यातून वर घेतला तेव्हा तेजस्वीला आधी दिसलं ते पाणी. ओढ्यातलं नव्हे, डबीतलं. कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ केसला घरात सगळे डबी म्हणत. त्या पारदर्शक डबीत अर्ध्यापर्यंत पाणी डचमळत होतं, आणि ते लाल होतं.

ती शिवी देत नसे. त्या संध्याकाळी दिली.

गावच्या वरच्या अंगाला, कोगनोळीकडं जाणाऱ्या हायवेलगत, बाटल्या धुण्याचा कारखाना होता. तो आल्यापासून ओढ्याला फेस यायचा, पाण्यात उतरलेल्या म्हशींची कास फुटायची. श्रावणात तेजस्वीच्या तक्रारीवरून प्रदूषण खात्याचे साहेब आले. बूट न काढता काठावर उभे राहिले आणि पाईप कुठे आहे ते कानडीत विचारू लागले, "पाईप एल्ली ऐती?" पाईप कुठे दिसत नव्हता, कारण तो जमिनीखालून आणून काठाच्या कपारीत पाण्याच्या पातळीखाली सोडला होता. मॅनेजर म्हणाला, आमचा पाईपच नाही. साहेबांनी तसंच लिहून नेलं. आता ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटचे येणार होते. त्यानंतर तक्रार बंद.

तेजस्वीनं बेळगावात केमिस्ट्रीत एमएस्सी केली होती. पाण्याखालचं दाखवायचं तर पाण्याखाली जाऊन दाखवायला हवं, हे तिला सरळ दिसत होतं. आधी तिनं प्लास्टिकच्या पाऊचमध्ये मोबाईल घालून बघितला. पाण्यात स्क्रीन बोट ओळखेना, आणि चित्र दुधातून बघितल्यासारखं आलं. मग तिनं जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आणि त्याच मापाची कडक डबी मिळवली. कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणावर डबीचं स्वतःचं बटण होतं. दाराच्या खाचेत शेवईएवढी रबरी रिंग होती. सगळी भिस्त त्या रिंगवर. तिच्यावर एक केस राहिला तरी पाणी वाट काढतं. म्हणून तेजस्वीनं रिंग काढून पुसली, बोटानं ग्रीस लावलं, डबीत टिश्यू पेपर ठेवून ती बादलीत दगडाखाली बुडवली. टिश्यू कोरडा निघाला. मग कॅमेरा आत घालून कडी लावली आणि घरात बजावलं, "हिला कुणी हात लावायचा न्हाय."

सणावाराला गाव माळावर गेलं की कारखाना टाक्या रिकाम्या करतो, हे तिनं हेरलं होतं. दसऱ्याला सगळे सोनं लुटायला गेले. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, डबी बांबूला बांधून कपारीकडं सरकवली. तिथलं पाणी कोमट होतं, पायाला साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. अंदाज बरोबर होता. सगळं बरोबर होतं.

घरी येऊन तिनं परातीत डबी उघडली. कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली होती. बटण दाबलं तर काहीच नाही. रिंगच्या खाचेत झेंडूची एक पाकळी चिकटली होती आणि तिच्याभोवती लालसर रवाळ गाळ.

"आई, डबी कुणी उघडली?"

मनुबाई सोप्यात आपट्याची पानं निवडत बसली होती. "काल खंडेनवमीला मीच की. का?"

"मी सांगितलंतं न्हवं, हात लावू नको म्हणून?"

"हात कुठं लावला? पूजा केली. कोयता पुजला, खुरपी पुजली, ओमकारची गाडी पुजली. तुझं हत्यार तेवढं तसंच ठेवायचं व्हय?"

"मग बाहेरनं करायचीस."

"भाइर पल्याष्टिक. हत्यार आत. डबीला पुजून हत्याराला उपाशी ठेवू?"

धाकटा ओमकार फसकन हसला.

"हसू नको रं," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "उद्या साहेब येणार. माझ्याकडं दाखवायला काय हाय? झेंडूचं फूल?"

मनुबाईनं पानं निवडायची थांबवली. "तुझ्या हाताला यश यावं म्हणूनच लावलं ग," ती म्हणाली. तेजस्वी आत गेली. बेळगावच्या हॉस्टेलवर पाच दसरे गेले होते तिचे. तिथंही प्रयोगशाळेत खंडेनवमीला तराजूला कुंकवाचं बोट लागायचं, आणि ते पुसायला तीच असायची. स्वतःचाही राग आला तिला. पाण्यात सोडण्याआधी डबी एकदा उघडून बघायला हवी होती.

मेमरी कार्ड मात्र सहसा पाण्यानं मरत नाही. इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरनं तिनं ते धुतलं, पुसून वाळवलं, लॅपटॉपला लावलं. व्हिडिओ होता. आधी गढूळ पाणी, मग बुडबुडे. मग डबी कपारीपाशी गेली आणि चित्राच्या खालच्या कडेनं लाल धूर चढत गेला. त्या लालीत एक गोल, काळं काहीतरी होतं. तो पाईप आहे हे तिला माहीत होतं. माहीत नसलेल्याला तो दगडही वाटला असता.

सोनं द्यायला आलेले मारुतीराव मागून बघत होते. पंचायतीचे मेंबर, ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची जमीन आणि म्हशी.

"ह्येच पायजे. लाल विष," ते म्हणाले. "टाक ग्रुपवर."

"आप्पा, ते विष न्हाय. आईचं कुंकू हाय. डबीच्या आत लाल झालंय, भाइर न्हाय."

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. उद्या ते बाटलीत पाणी भरून नेतील. त्यात लाल काय निघायचं न्हाय. मग आपण खरं बोललो तरी कोण ऐकंल?"

"शिकल्याली माणसं लई बघितली," मारुतीराव उठले. "दोन वर्सं अर्ज लिवतीयास. म्हशीला वाचता येत न्हाय त्यो."

ते गेले. ओमकार लॅपटॉपपाशीच घुटमळत राहिला.

सकाळी ओढ्याच्या काठी पंधरा-वीस माणसं होती. साहेब होते, मॅनेजर होता. मॅनेजरनं आपला मोबाईल साहेबांसमोर धरला. स्क्रीनवर तिच्याच व्हिडिओतून काढलेला लाल फोटो, खाली ठळक अक्षरात "आमच्या ओढ्यात लाल विष". तेजस्वीनं ओमकारकडं बघितलं. तो खाली बघत होता.

"बघा साहेब," मॅनेजर म्हणाला. "कुठं हाय लाल? असल्या बनावट फोटोवर कारखाना बंद पाडायला निघालीत."

ओढा राखाडी होता. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुणी काढलं?"

"मी," तेजस्वी म्हणाली. "फोटो खरा आहे, त्याखालचं लिहिलेलं खोटं आहे. पाणी डबीत शिरलं. लाल आहे ते कुंकू. खंडेनवमीला आईनं डबी उघडून पूजा केली."

कुणीतरी हसलं. मॅनेजर तर मनापासून हसला. "कुंकवाची तक्रार घिऊन आलीया बाई."

"कुंकू कुठलं?" मागून मनुबाईचा आवाज आला.

ती गवताचा भारा टाकून उभी होती. "कुंकू देवीला. हत्याराला आमच्यात भंडारा लावत्यात. बिरोबाचा. सासूपास्नं चालत आलंय."

"आई, नीट सांग. फक्त भंडारा? पिवळा?"

"भंडारा काय हिरवा असतोय? नुसती हळद."

तेजस्वीनं ओढ्याकडं बघितलं. हळद लाल होत नाही. साध्या पाण्यात होत नाही. शर्टावर आमटीचा डाग पडतो, आई त्याला साबण लावते आणि डाग लालभडक होतो. शाळेत हळदीच्या कागदावर हेच केलं होतं. बाटल्या धुवायला कॉस्टिक सोडा लागतो, साबणापेक्षाही जहाल. आणि कालचं ते बुळबुळीत पाणी. कपारीत ते अजून साचलेलं असणार.

"भंडारा हाय जवळ?"

मनुबाईनं कंबरेची चंची सोडली, तिच्यातनं पुडी काढली.

"साहेब, तुमचा रुमाल द्या. पांढरा आहे म्हणून मागते."

साहेबांनी का कोण जाणे, दिला. तेजस्वीनं रुमालाच्या दोन टोकांना भंडारा चोळला. एक टोक कारखान्याच्या वरच्या अंगाला जाऊन ओढ्यात बुडवलं आणि सगळ्यांना दाखवलं. पिवळं. मग रुमाल बांबूला बांधला, दुसरं टोक कपारीत घातलं, मनातल्या मनात वीस मोजले आणि बांबू वर घेतला.

ते टोक विटेसारखं लाल झालं होतं.

"हळद तीच, रुमाल तोच," ती म्हणाली. "पाणी वेगळं. पाहिजे तर तुमच्या प्रयोगशाळेत तपासा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी रुमाल उलटसुलट करून बघितला आणि मॅनेजरकडं वळले. "पाईप एल्ली ऐती?" या वेळी त्यांनी ते त्याला विचारलं. मॅनेजर कारखान्याकडं बघत राहिला. साहेब खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

मारुतीराव पुढं सरसावले, पाठीवर थाप मारायला. तेजस्वी बाजूला झाली. तिचा राग उतरला नव्हता. ती ओमकारपाशी गेली.

"त्यो फोटो काढ ग्रुपवरनं."

"आता का गं आक्का? खराच निघाला की."

"तू टाकलास तवा खोटा हुता. काढ."

ओमकारनं मोबाईल बाहेर काढला. तो फोटो पुसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.