कात्री दुसऱ्याच्या हातात

कापड बेतण्याआधी रत्नाबाईंना डुलकी काढावी लागते, हे मल्लेश्वरमच्या अर्ध्या बायकांना ठाऊक होतं. ब्लाउजचं कापड मांडीवर घ्यायचं, भिंतीला पाठ टेकायची आणि दहा मिनिटं डोळे मिटायचे. त्यांच्या सासूबाईंची हीच रीत होती. जिला घाई असेल तिनं खुशाल दुसरा शिंपी गाठावा.

पण परीक्षेत झोपायचं म्हणजे कमालच झाली!

होसकोट्याच्या एका शिवणकेंद्रात शिकवणारी बाई हवी होती. रत्नाबाईंना बासष्टावं लागलेलं. मुलगी चंदना मारतहळ्ळीला कंप्युटरच्या कंपनीत. शिवणाची तिला आवडच नाही, असं त्या सगळ्यांना सांगत. हातातलं हे कसब आपल्याबरोबरच जाणार, या विचारानं हल्ली त्यांना घास गोड लागत नसे. निदान चार पोरींच्या हाती ते ठेवून जावं, एवढ्यासाठी बाई दोन बस बदलून तिथल्या परीक्षेला आल्या होत्या.

फॉर्म कन्नडात होता, शब्द मात्र ओळखीचे: कुशल, निपुण, प्रवीण, तज्ज्ञ. आपण यांतले कोण, त्यावर खूण करायची. रत्नाबाईंनी चारही शब्द मनात घोळवून पाहिले. सगळेच भरजरी, आणि एकही अंगाला बसेना. ती जागा तशीच कोरी ठेवून त्या कामाला लागल्या.

समोर प्रेमा उभी होती, केंद्रात झाडलोट करणारी. तिच्या अंगाचा ब्लाउज दोन तासांत कापून, धावदोरा घालून दाखवायचा होता. रत्नाबाईंनी तिला एकदा पुढून, एकदा मागून न्याहाळलं, निळं कापड मांडीवर घेतलं आणि सवयीनं डोळे मिटले.

झोपेत कापड पसरत गेलं. इतकं पसरलं की त्या त्याच्यावरून अनवाणी चालू लागल्या. दोन्ही बाजूंना झाडं, पायाखाली मऊ निळाई, आणि पुढे खडूची एक रेघ आपली आपण वळत चाललेली. वारा नव्हता, तरी कडा हलत होत्या. डावीकडे जमीन किंचित उतरती लागली, तशी रेघही हळूच उतरली. रत्नाबाई तिच्यामागून गेल्या. कुठं पोचायचं नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू!

"अक्का, ओ अक्का! अर्धा तास झाला की!"

परीक्षक श्यामला खांदा हलवत होती. तीही इथल्याच जुन्या मराठी घरातली. रत्नाबाई ओशाळल्या खऱ्या, पण एकदा चालू झालेली कात्री मध्ये कुठं अडखळली नाही. टेपला त्यांनी हातही लावला नाही. वेळ संपायच्या आत ब्लाउज प्रेमाच्या अंगात होता, आणि ती आरशासमोरून हलायचं नाव घेईना.

श्यामलानं शिवणीवरून बोट फिरवलं. "डावा खांदा स्वल्प उतरता कापलात. बादल्या उचलून हिचा खांदा उतरलाय, पण नुसतं बघून कुणाला दिसत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं."

"ते सरी, बरोबरच आहे, अक्का. पण पोरींना काय सांगणार?"

रत्नाबाई उरलेल्या कापडाच्या घड्या घालू लागल्या. चाळीस वर्षं हात चालला होता, आणि सांगायला एक धड वाक्य सापडेना. आता हे काम हातचं जाणार, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?" श्यामलानं विचारलं.

"सासूबाईंनी. शिकवलं कसलं, चुकू दिलं. अकरा खणांच्या चिंध्या केल्या मी. त्या समोर बसून बघायच्या. एक शब्द बोलल्या नाहीत."

"आणि तुम्ही? पोरगी कापड वाया घालवतेय आणि आपण गप्प बसायचं. जमेल?"

रत्नाबाईंना चंदना आठवली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मोठ्या हौसेनं कात्री घेऊन बसली. पहिलाच काप तिरका गेला आणि रत्नाबाईंनी तिच्या हातातून कात्री हिसकावून घेतली. 'सरक, मी करते.' पोर उठून गेली, ती पुन्हा मशीनकडे फिरकली नाही.

"नाही जमलं," रत्नाबाई म्हणाल्या. "एकदा नाही जमलं मला. घरच्याच पोरीशी."

श्यामलानं उरलेलं कापड टेबलावर पसरलं, त्यावर खडूनं रेघा आखल्या आणि कात्री प्रेमाच्या हातात दिली. प्रेमानं जन्मात दुधाच्या पिशव्यांखेरीज काही कापलं नव्हतं. ती लाजली, हसली आणि जीव मुठीत धरून तिनं पहिला काप घातला. साफ चुकीचा. काखेची गोलाई सोडून कात्री थेट गळ्याकडे निघाली.

रत्नाबाईंनी समोर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि त्या बघत राहिल्या.