ताकातले आर्टिचोक

माझी लेक ईश्वरी आठ महिने माझ्या घरात पाण्याशिवाय काही घेत नव्हती. बेलापूरला भाड्याने राहते, दर रविवारी जुईनगरला आमच्याकडे येते, स्वतःचा डबा उघडते आणि माझ्यासमोर बसून जेवते. आईच्या जिवाला याहून मोठा चिमटा नाही.

कारण काय, तर एक चमचा तूप. ती व्हीगन झाली. म्हणजे दूध, दही, तूप सगळं बंद. मी तिच्या वरणात तुपाची धार सोडली आणि तिने विचारल्यावर चक्क "नाही" म्हटलं. नंतर तिच्या बाबांनी सांगून टाकलं. आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

या रविवारी ती चार आर्टिचोक घेऊन आली. हिरव्या खवल्यांचं, मुठीएवढं, कळीसारखं प्रकरण.

"आई, आज डबा नाही आणला, इथेच जेवते. भूमध्य समुद्राकडे करतात तशी भाजी. ऑलिव्ह तेल, लसूण, बटाटा, मटार आणि शेपू. तू फक्त साफ कर नि लिंबाच्या पाण्यात टाक. गॅसवरचं मी बघते."

म्हणजे गॅसपाशी माझ्यावर भरवसा नाही. राग आला, पण गिळला. इथे जेवते म्हणाली, हेच खूप होतं.

तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली. मी बसले साफ करायला. बाहेरचे राठ खवले काढायचे, शेंडे कापायचे, आतली केसाळ कुसळं चमच्याने खरवडायची. अगदी केळफुलासारखं. रत्नागिरीच्या माहेरी केळफुलं सोलून वाढलेली मी, हात आपोआप चालायला लागले. तीन झाले. चौथा घेतला आणि सहज पातेल्यात बघितलं, तर पाणी पांढरं!

केळफूल काळं पडू नये म्हणून ताकात टाकतात. मी तिन्ही आर्टिचोक ह्यांच्या जेवणाच्या ताकात बुडवले होते.

"अगं बाई!" मी ओरडलेच. हे पेपर सोडून डोकावले. "वैजू, तीन पाण्यांनी धुऊन टाक. कोणाला कळतंय?" बोलणारा कोण, तर हाच माणूस!

पण मोह मलाही झाला. नळसुद्धा सोडला. मग वाटलं, तिने विचारलं तर पुन्हा "नाही" म्हणायचं? ते काही माझ्याच्याने होईना. नळ बंद केला आणि पातेलं उचलून गॅलरीत गेले.

"ईशू, ताकात घातले गं मी. केळफुलाची सवय. तीन गेले, एकच उरलाय."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, आता ही पर्स उचलते. तिने पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"धुऊन टाकले असतेस तर मला कळलं पण नसतं."

"माहितीय."

"मग?"

"मग काय मग! त्या तुपाने आठ महिने खाल्ले माझे."

ती हसायला लागली आणि डोळेही पुसायला लागली. "आई, मी तुपावरून नव्हते गं रुसले. तू खोटं बोललीस म्हणून." मग आतल्या खोलीकडे वळली. "आता तूच कर भाजी. ऑफिसने नुसतं टेन्शन दिलंय, मी जरा पडते."

"बघायला नाही येणार?"

"कशाला?"

मी एकटीने भाजी केली. तेलात लसूण मंद परतला, बटाटे, मटार आणि त्या एकुलत्या आर्टिचोकच्या फोडी घातल्या, मीठ घालून वाफ काढली, शेवटी लिंबू पिळून शेपू पेरला. पोळ्यांना तेलच लावलं. ताकातले तिन्ही ह्यांच्या वाट्याला, बेसन लावून.

ईश्वरी उठून ताटावर बसली. काय घातलंस, कशात केलंस, एक शब्द विचारला नाही. पोळीचा तुकडा मोडला, भाजी उचलली आणि खाल्ली. मी एवढा मोठा सुस्कारा सोडला की हे घाबरून म्हणाले, "वैजू, बरी आहेस ना?"

"आता आहे," मी म्हटलं.